मडक्याने गिळलेला कोंबडा

आमच्या सिरांग गावच्या डिवेंगकडे जी वेल होती, तिच्या एका मडक्याने अख्खा कोंबडा गिळला. पिसांसकट, नखांसकट, आरवण्यासकट. हे कुठेही सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. सिरांगमध्ये मात्र नऊ दिवस कुणी हसलं नव्हतं, आणि दहाव्या दिवशी हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मडकं केवढं होतं यावर गावात अजून वाद आहे. काहीजण कमरेइतकं होतं म्हणतात. ते लोक थापाडे आहेत. मडकं गुडघ्याइतकंच होतं, आणि त्याच्या तोंडातून मोठा फणस नसता गेला, मधला गेला असता.

आमच्या गावामागे डोंगराच्या पायथ्याशी पांढऱ्या वाळूचं रान आहे. तिथे भात धरत नाही, केळ धरत नाही, मातीत कस म्हणून नाही. त्यामुळे तिथली झाडं पोटासाठी लबाडी शिकली. वेलीच्या पानाचं टोक वाढत जातं, दोरीसारखं लोंबतं, मग खालून फुगतं आणि त्याचं मडकं होतं, वर झाकणासकट. त्याला आम्ही माकडाचं मडकं म्हणतो, कारण रानात तहान लागली की माकडं त्यातलं पाणी पितात. आम्ही मात्र त्यात भात शिजवतो. गवाईच्या, म्हणजे सुगीच्या, सणाला चिकट तांदूळ आणि नारळाचं दूध त्या मडक्यांत भरायचं आणि वाफवायचं. बोटभर मडकी, शेकड्याने. ज्या घरची मडकी सारखी आणि न फाटलेली, त्या घरच्या बाईची मान सणभर ताठ.

डिवेंगने बारा वर्षांपूर्वी त्या रानातून बोटाएवढा कोंब आणून आपल्या धान्याच्या कोठारामागे लावला होता. कुठून आणला ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. वेल कोठारावर चढली, छपरावरून पलीकडे उतरली, आणि दर वर्षी तिची मडकी आदल्या वर्षीपेक्षा मोठी येत गेली. शेवटी ते एक आलं. इतकं जड, की डिवेंगने त्याच्याखाली लाकडाचा पाट ठेवला.

डिवेंगला मूल नव्हतं. आमच्याकडे पहिलं पोर झालं की माणसाचं स्वतःचं नाव मागे पडतं. पागानच्या बापाला सगळे सामा पागान म्हणतात, म्हणजे पागानचा बाप, आणि तोच आमचा गावप्रमुख. ज्याला पोर नाही त्याला केस पिकले तरी पोरासारखी नुसत्या नावाने हाक. डिवेंगला ते लागायचं. बोलून दाखवत नसे, पण कुणी हाक मारली की ओ द्यायला अंमळ उशीर करायचा.

मग एका वर्षी त्याच्या कोंबडीच्या सगळ्या अंड्यांतून एकच पिल्लू निघालं. काळं, अंगभर पांढरे ठिपके. डिवेंगने ते खिशात घालून वाढवलं. नाव ठेवलं बुरीक. एकदा ओसरीवर तुआक चालली होती. आमची ही तांदळाची दारू दिसायला दुधासारखी आणि वागायला सावत्र आईसारखी. तिसऱ्या वाटीला जिनेपने हाक मारली, "ओ सामा बुरीक, इकडे सरक की जरा!"

सगळी ओसरी हसली. डिवेंगही हसला, पण त्याचे कान लाल झाले, आणि त्या हाकेला त्याने ओ ताबडतोब दिली. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव त्याला सामा बुरीक म्हणू लागलं.

हा जिनेप म्हणजे डिवेंगचा लहानपणापासूनचा जोडीदार, तोही बिनपोराचा. समोरासमोर घरं. मध काढायला झाडावर एक चढायचा, खाली धूर दुसरा धरायचा, आणि कोण चढायचा हे त्यांना ठरवावं लागत नसे. संध्याकाळी दोघं कोठारापाशी बसत, आणि डिवेंग मडक्याच्या गोष्टी सांगे. जिनेपने त्या शंभरदा ऐकल्या होत्या, तरी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून ऐके. असा जोडीदार कुणाला मिळतो?

"हे बघ," डिवेंग सांगायचा, "झाकणाच्या खालच्या अंगाला गोड थेंब असतात. मुंगी त्यासाठी येते. मग काठावर येते. काठावर आणखी गोड. काठ पाहिलास? लाल, वळ्यावळ्यांचा. ऊन असलं की मुंगी पोटभर खाऊन सुखरूप घरी जाते आणि चार बहिणींना सांगते. मग पाऊस पडतो, काठ ओला होतो, आणि ती चारही बहिणींना घेऊन येते. सगळ्या घसरतात."

"म्हणजे पहिल्यांदा मुद्दाम सोडतं?"

"मुद्दाम कसलं! झाडाला काय डोकं आहे? पण होतं तसं खरं."

"आणि चढून वर आली तर?"

"कशी येईल? आतली भिंत मेणाची, पायच ठरत नाही. आणि खालचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, लाळ आहे ती. बोट बुडव, तार निघते. पंख एकदा भिजले की खेळ संपला. मग बुडातून आंबट रस सुटतो. माशी दोन दिवसांत, पाल पंधरा दिवसांत. मऊ तेवढं सगळं विरघळतं. पंख, कवचं, हाडं तशीच तळाशी बसून राहतात. आणि एक ध्यानात ठेव, पचत असताना मडक्याला हात लावायचा नाही. हलवलं की रस बिघडतो आणि मडकं काळं पडतं."

"आणि कोंबडा पडला तर?" जिनेप डोळे मिचकावून विचारायचा.

"लेका, हे असंच वाढत राहिलं ना, एक दिवस कोंबडासुद्धा गिळेल. तू बघशील."

बघायला मिळालं ते असं.

त्या वर्षी गवाईला तेरा दिवस उरले होते. सणाच्या सकाळी गावप्रमुख एक जिवंत कोंबडा दोन्ही हातांत धरून सगळ्या गावाच्या डोक्यांवरून ओवाळतो, वर्षाचं आजारपण झटकून टाकायला. कोंबडा गावातला सगळ्यांत देखणा लागतो. सामा पागान डिवेंगच्या अंगणात आला, बुरीकभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "यंदा हा." डिवेंगचे कान पुन्हा लाल झाले. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, की किन्यापच्या आईच्या घराचं छप्पर वाऱ्याने उडालं. किन्याप म्हणजे डिवेंगची बायको, जिभेची तिखट आणि हाताची गोड. दोघांना तीन दिवस वरच्या गावी जावं लागणार होतं.

"बुरीकला बघशील?" डिवेंगने विचारलं.

"जा रे," जिनेप म्हणाला. "तुझ्या पोराला उशाशी घेऊन झोपतो. आरवला तर अंगाई म्हणतो."

"दाणे भिजवून दे. आणि टेमुरान गावच्या कोंबडझुंजीवाल्यांना दाखवू नकोस. त्यांची नजर वाईट."

"मला सांगतोस होय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं परतले तेव्हा जिनेप कोठाराच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. मुठीत तीन पिसं, काळी, पांढऱ्या ठिपक्यांची.

"सामा बुरीक," तो म्हणाला, आणि त्याला ठसका लागला. किन्यापने त्याला पाणी दिलं. ते पिऊन त्याने मडक्याकडे बोट केलं.

"काल सकाळी पाऊस पडून गेला. मी त्याला दाणे घातले आणि मागे भांडी विसळत होतो. काठावर एक पतंग बसला होता, तळहाताएवढा. बुरीकने चोच मारायला मान आत घातली आणि पाय सटकले रे! डोकं खाली, पाय वर. पंख उघडायला जागाच नाही. मी धावत आलो तोवर नुसती शेपटी दिसत होती. हात घालणार तेवढ्यात वरून झाकण पडलं. खटकन!"

"झाकण पडलं?" किन्यापने विचारलं.

"खटकन, वहिनी. बोट चेचलं असतं माझं."

डिवेंगच्या कपाळावर एक आठी आली. झाकण पडत नाही. झाकण म्हणजे पावसाची छत्री, एकदा उघडलं की जन्मभर उघडं, आणि आत्ताही ते उघडंच होतं. बारा वर्षांत एकाही मडक्याचं झाकण हललं नव्हतं, आणि हे त्याने स्वतःच जिनेपला सांगितलं होतं. पण भेदरलेल्या माणसाला काय काय दिसतं, म्हणून त्याने ती आठी तशीच पुसून टाकली.

किन्यापने सोडलं नाही. "कोयता नव्हता घरात? मडकं चिरायचं होतंस."

"उगारला होता, वहिनी! पण हात खाली येईना. याचं बारा वर्षांचं मडकं! म्हटलं, विचारावं तरी, पोराला वाचवू की मडक्याला? आणि विचारू कुणाला? तुम्ही तिकडे छपरावर!"

डिवेंग मडक्यापाशी गुडघ्यांवर बसला. आत काळसर पाणी होतं, आणि पाण्यावर ठिपक्यांची दोन पिसं. त्याला रडू आलं. बाह्या सरसावून त्याने हात आत घालायला घेतला, निदान काढून पुरावं तरी म्हणून, तर जिनेपने मनगट पकडलं.

"पचतंय ते. तूच सांगतोस ना, हात लावला की काळं पडतं? पोर तर गेलं. आता मडकंही घालवतोस?"

डिवेंगने हात मागे घेतला. आणि खरं सांगायचं तर, त्या रडण्याच्या खाली, अगदी तळाशी, त्याला आणखी काहीतरी झालं. त्याची त्यालाच लाज वाटली, पण झालं खरं. बारा वर्षं तो म्हणत आला होता आणि बारा वर्षं गाव हसत आलं होतं. आणि आता मडक्याने कोंबडा गिळला होता.

बातमी वाऱ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी खालच्या गावाची माणसं आली, तिसऱ्या दिवशी शाळेचे मास्तर पोरांची रांग घेऊन आले, चौथ्या दिवशी बाजाराच्या गावाहून एक ट्रक भरून लोक आले आणि उतरताना म्हणाले, "सामा बुरीक कोण?" डिवेंग पुढे झाला. डोळे सुजलेले, छाती पुढे. तो काठ दाखवायचा, वळ्या दाखवायचा, शेजारच्या लहान मडक्यातून लाळेची तार काढून दाखवायचा, आणि शेवटी जिनेपकडे वळून म्हणायचा, "आता तू सांग." जिनेप सांगायचा. प्रत्येक खेपेला पतंग थोडा मोठा व्हायचा. पाचव्या दिवशी तो पतंग केळीच्या पानाएवढा होता आणि बुरीक आत जाताना एकदा आरवला होता.

"ढेकर दिला की नाही त्या मडक्याने?" किन्याप आतून म्हणाली.

त्याच दिवशी, लोक पांगल्यावर, डिवेंग एकटाच मडक्यावर वाकला आणि त्याने वास घेतला. एक पाल पडली तरी तिसऱ्या दिवशी मडकं असं घाण मारतं की कुत्रं वळसा घालून जातं. इथे अख्खा कोंबडा. वास नव्हता. ओल्या पानांचा, थोडा आंबूस, नेहमीचा वास. दोन पिसं तशीच वर तरंगत होती, सुकी. डिवेंग बराच वेळ वाकलेला राहिला. मग ताठ झाला, कोठाराला टेकला आणि स्वतःशीच म्हणाला, "मोठ्या मडक्याची पचनशक्तीच वेगळी." पुढल्या दिवशी आलेल्या लोकांनाही त्याने तेच सांगितलं.

गवाईची सकाळ उजाडली. बुरीकच्या जागी गावप्रमुखाला दुसरा कोंबडा हवा होता, आणि घाईत जिनेपचा पांढरा मिळाला. तो ओवाळताना अर्धा वेळ झोपला होता. डिवेंगने मान खाली घालून घेतली.

तो ओवाळणीला गेला तेवढ्यात किन्यापने काम उरकलं. कोयत्याच्या एका घावात तिने मोठं मडकं देठापासून तोडलं, अंगणाच्या कडेला नेऊन पालथं केलं, आणि पाणी वाहून गेल्यावर जे उरलं त्याकडे उकिडवी बसून पाहत राहिली. मग तिने मडकं सात पाण्यांनी धुतलं, त्यात तांदूळ भरले, दोन नारळांचं दूध ओतलं, वर पान बांधलं आणि ते वाफेवर चढवलं. कुणाला काही बोलली नाही. डिवेंग परत आला तेव्हा देठाचा चीक अजून गळत होता.

"काय केलंस हे!"

"त्यानं माझा कोंबडा खाल्ला," किन्याप म्हणाली. "आता मी त्यातला भात खाणार. फिटंफाट."

डिवेंग कोठाराकडे पाठ करून बसला.

दुपारी सगळं गाव मोठ्या ओसरीवर जमलं. घंटा वाजत होत्या, डुकराचं मांस बांबूत शिजलं होतं, तुआकचे हंडे येत होते. तेव्हा किन्यापने ते मडकं दोन्ही हातांनी आणून मधोमध ठेवलं. सुरीने वरून खाली कापलं. भात आत पांढराशुभ्र, दुधाने चकाकत होता आणि काठाशी मडक्याचा लालसर रंग उतरला होता. तिने त्याच्या चकत्या केल्या, पानावर मांडल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बुरीकच्या मडक्यातला भात आहे. घ्या."

ओसरीवरची माणसं जराशी मागे सरली.

आमच्याकडे पुढे आलेलं अन्न नाकारत नाहीत. नाकारून उठलं तर वाटेत साप चावतो, गोम चावते, होडी उलटते. पण भूक नसली, मन नसलं, तर त्यालाही वाट आहे. अन्नाला नुसतं बोट लावायचं आणि पुढे सारायचं. बोट लावलं की अन्नाचा मान राहिला. कुणी काही म्हणत नाही.

तर पान फिरू लागलं. सामा पागानने बोट लावलं आणि ते धोतराला पुसलं. त्याच्या बायकोने बोटाच्या नखाने लावलं. मास्तर म्हणाले, "मी आत्ताच जेवलो," आणि करंगळी टेकवली. पोरांनी एकमेकांना ढोसून लावलं आणि किंचाळली. ज्यात दहा दिवस कोंबडा विरघळत होता त्यातला भात खाणार कोण? डिवेंगच्या पुढे पान आलं. त्याच्या पोराचं थडगं होतं ते. त्याने बोट टेकवलं, ते बोट कपाळाला लावलं आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा पान शेजारी जिनेपपुढे होतं, आणि जिनेप चकती हातात घेऊन खात होता.

तुआकच्या चार वाट्या पोटात होत्या. तो आरामात खात होता, बोटांवर ओघळलेलं नारळाचं दूध चाटत होता. "किन्याप वहिनी," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "तुझ्या हाताला तोड नाही. यंदा दूध दाट घातलंस." आणि त्याने दुसरी चकती उचलली.

डिवेंग त्याच्याकडे पाहत राहिला. सगळं गाव ज्याला बोट लावून शहारलं, ते हा चवीने खात होता. मुठीत पिसं घेऊन पायरीवर डोकं धरून बसलेला हा. सुकटीचा वास आला तरी ज्याला ओकारी येते असा हा. जिनेपला तो फक्त भात होता. त्यात कुणी कधी मेलेलं नव्हतं, हे सबंध ओसरीवर एकट्या जिनेपला ठाऊक होतं.

डिवेंगने किन्यापकडे मान वळवली. ती आधीपासूनच त्याच्याकडे पाहत होती.

"तळाशी मुंग्या होत्या," ती हळूच म्हणाली. "चार भुंग्यांची कवचं. दोन पिसं. चोच नाही, नख नाही, हाड नाही. बारा वर्षं तू मला सांगत आलास, हाडं राहतात म्हणून."

डिवेंगला राग यायला हवा होता. पण त्याच्या मनात दुसराच प्रश्न आला आणि तो तोंडातून निघूनही गेला, अगदी साध्या आवाजात, जसा रोज संध्याकाळी कोठारापाशी निघायचा.

"टेमुरानला किती झुंजी जिंकला?"

"एक," जिनेप लगेच म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकले. "पहिली. काय मारलं रे त्यानं! त्या लाल कोंबड्याला वर उठूच..."

तो थांबला. चकती अर्धी तोंडात, अर्धी हातात. घंटा वाजवणाऱ्यांचेही हात थांबले होते.

"बोल ना," डिवेंग म्हणाला. "उठूच दिलं नाही. मग?"

"सामा बुरीक, मी तुला सांगणारच होतो..."

"मग काय झालं ते सांग."

आणि जिनेपने सांगितलं. सांगावंच लागलं. टेमुरानला त्याने कोंबडा फक्त दाखवायला नेला होता. लोक म्हणाले, असा कोंबडा डोंगराच्या अलीकडे पाहिला नाही. एकाने खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्याने तुआक दिली. उभ्या जन्मात जिनेपकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. पहिली झुंज बुरीकने दहा श्वासांत संपवली. मग लोक म्हणाले, आणखी एक. दुसऱ्या झुंजीत त्याचा पाय घसरला, आणि समोरच्या कोंबड्याच्या पायाला बांधलेलं पातं त्याच्या मानेत बसलं. मेलेला कोंबडा जिंकणाऱ्याला द्यायचा असतो. त्यांनी तो तिथेच शिजवला. जिनेपने येताना पिसं गोळा करून आणली.

"डोळे मिटले तेव्हा तू जवळ होतास?" डिवेंगने विचारलं.

"मांडीवर होता माझ्या."

डिवेंगने मान हलवली. दर वाक्याला तो मान हलवत होता, परगावी मेलेल्या पोराबद्दल बाप ऐकतो तसा. मग त्याने शेवटचं विचारलं.

"तिथे कुणाचा म्हणून सांगितलंस?"

जिनेपने हातातली उरलेली चकती पानावर ठेवली.

"रिंगणात उतरवताना मालकाचं नाव पुकारतात. काय पुकारलं?"

"माझं," जिनेप म्हणाला. आवाज इतका खाली की मास्तरांनी शेजारच्याला विचारलं, काय म्हणाला. "सगळे मला जिनेप, जिनेप करत होते रे. एवढंच. एक दिवस."

"आणि मडकं? मडकं कसं सुचलं?"

"तू शोधायला निघाला असतास. साप म्हटलं असतं तर साप मारायला, मांजर म्हटलं असतं तर मांजर. हे एकच असं होतं, जे तू शोधायला जाणार नव्हतास. ऐकून तुला आवडलंच असतं."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते सगळ्यांत वाईट लागलं. आठ दिवस डिवेंगने ट्रकभर लोकांना लाळेची तार काढून दाखवली होती. झाकण पडत नाही हे त्याला ठाऊक होतं. वास नव्हता हे त्याला ठाऊक होतं. ज्याने हे सगळं शिकवलं त्यालाच त्याच्या शिकवणीने पकडलं, आणि डिवेंगला कुठे गोड लागतं ते पकडणाऱ्याला अचूक माहीत होतं, कारण तो बारा वर्षं शेजारी बसून ऐकत होता.

"मुंगीला निदान चाटायला तरी मिळतं," किन्याप म्हणाली आणि पानं आवरायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून गावाची मोठी पंचाईत झाली. सामा बुरीक म्हणावं तर बुरीक कुठे? आणि डिवेंग म्हणावं तर ते तोंडात येईना. लोक खाकरून बोलायला सुरुवात करू लागले. ट्रकवाले आणखी दोनदा आले. त्यांना सामा पागाननेच वाटेत गाठून परत पाठवलं.

मग सामा पागानने दोघांना आपल्या ओसरीवर बोलावलं. आमच्याकडे खोटं बोलून विश्वास मोडला तर दंड असतो. गावप्रमुख दंड ठरवतो, चुकलेला आणतो, दुखावलेला घेतो, आणि दोघं एकाच वाटीतून तुआक पितात. वाटी रिकामी झाली की विषय संपला. पुढे तो विषय कुणी काढला, तर काढणाऱ्यालाच दंड.

जिनेपने दंड सांगितल्यापेक्षा जास्त आणला होता. एक डुक्कर, तांदळाची पोती, आणि एक रांजण. रांजण जुना, तपकिरी, पोटावर ड्रॅगन कोरलेला, त्याच्या पणजोबाने डोंगर ओलांडून पाठीवर आणलेला. घरात त्याच्याकडे तेवढी एकच मोलाची वस्तू होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तो रांजण ओसरीच्या मधोमध उभा होता. जिनेप त्याच्याकडे बघत नव्हता.

सामा पागानने वाटी भरली. "घे," तो डिवेंगला म्हणाला.

"मला दंड नको."

"कमी वाटतो?"

"नाही. भरपूर आहे."

"मग अडलं कुठे?"

"घेतला की संपेल," डिवेंग म्हणाला.

"त्यासाठीच असतो ना दंड!"

"म्हणूनच नको."

सामा पागानने आपल्या आयुष्यात बाईवरून, जमिनीवरून, डुरियन फळाच्या झाडावरून झालेली भांडणं मिटवली होती. डुरियनच्या झाडाची तर सतरा. दंड जास्त झाला म्हणून ओरडणारे त्याने पाहिले होते, कमी झाला म्हणून ओरडणारेही. घेणारच नाही म्हणणारा त्याला पहिल्यांदा भेटला. तो वाटी हातात धरून बराच वेळ बसला, आणि शेवटी ती त्याने स्वतःच पिऊन टाकली, कारण भरलेली वाटी परत हंड्यात ओतत नाहीत.

डुक्कर ओरडायला लागलं म्हणून जिनेप ते घरी घेऊन गेला. तांदूळही नेला. रांजण मात्र नेईना. तो म्हणाला, "तो त्याचा आहे." डिवेंग म्हणाला, "माझा नाही." झालं, रांजण सामा पागानच्या ओसरीच्या कोपऱ्यात राहिला. ज्याचा म्हणून सांगावा असा त्याला मालक नाही. सुरुवातीला पोरं त्यात लपायची. आता लोक येताना ओल्या छत्र्या त्यात ठेवतात.

दर गवाईला, सगळे जमले की, सामा पागान मोठ्याने विचारतो, "रांजण घेऊन जातोस का रे यंदा?" घंटा थांबतात. डिवेंग म्हणतो, "यंदा नको." एवढंच. मग पुन्हा घंटा सुरू होतात.

सणाच्या आदल्या दिवशी जिनेप ओसरीवर येतो. छत्र्या काढून भिंतीला लावतो, ओलं फडकं घेऊन रांजण पुसतो, ड्रॅगनच्या नखांतली धूळ काडीने काढतो. डिवेंग तेव्हा समोरच्या बाजूला बसलेला असतो. तो ते सगळं पाहतो. जिनेपचं पुसून होईपर्यंत थांबतो, आणि मग घरी जातो.